शब्दांची वाट आणि चेलोचा गज
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना ती छपाईतील चूक वाटली असल्यास नवल नाही. मराठी ग्रंथालयाची शताब्दी, व्याख्याता मराठीचा अध्यापक, आणि विषय मात्र आयर्लंडच्या संथ चाली एकट्या चेलोवर कशा शिकाव्यात हा! त्यातून कृष्णराव शंकर पंडित आणि राजाभैया पूछवाले यांच्या गावात संगीतावर बोलायचे, म्हणजे धाडस दुहेरी झाले. मी चेलो वाजवीत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु या विषयाचा निम्मा भाग गजाचा आणि तारांचा असला, तरी उरलेला निम्मा शब्दांचा, वृत्तांचा, आघातांचा आणि एका मागे हटत गेलेल्या भाषेचा आहे. त्या निम्म्यावर बोलण्याचा अधिकार भाषेच्या अध्यापकाला असावा, असे मानून मी पुढे जातो.

आयरिश लोकसंगीत म्हटले की बहुतेकांच्या कानांत नाचाच्या चाली येतात. जिग, रील, हॉर्नपाइप या चालींचे माप ठरलेले, पाय ठरलेले. त्यांच्या शेजारी, पण त्यांच्यापासून पार निराळा असा एक प्रकार आहे. त्याला तिकडे ‘स्लो एअर’ म्हणतात. आपण ‘संथ चाल’ म्हणू. ही नाचासाठी नाही. हिला टाळी देता येत नाही. ती बहुधा एकच वादक, साथीशिवाय वाजवतो. आणि या चालींपैकी बऱ्याचशा मुळात आयरिश भाषेतील गीतांच्या चाली आहेत. गाणे गळ्यातून वाद्यात उतरले, की त्याची ‘एअर’ होते. भात्यावर चालणारे इलन पाइप्स, फिडल, लाकडी बासरी आणि टिन व्हिसल ही तिची नेहमीची वाद्ये. 1951 साली स्थापन झालेल्या ‘कोल्तस’ या संस्थेच्या उत्सवांतील स्पर्धांमध्येही या वाद्यांसाठी संथ चालींचे वेगळे विभाग असतात.

या जुन्या यादीत चेलो नाही. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकातील विख्यात फिडलवादक नील गाऊ याच्या शेजारी त्याचा भाऊ डोनाल्ड चेलो घेऊन साथीला बसत असे. दोघांचे एकत्र चित्रही आहे. आयर्लंडच्या लोकसंगीतात चेलोला असे जुने आसन मिळाले नाही. तो आला तो अलीकडे, आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या शाळेतून आला. येताना त्या शाळेच्या सवयी बरोबर घेऊन आला. हे वाद्य या चाली कशा शिकते, आणि शिकताना काय विसरते, हा आजचा विषय आहे.

मूळ गाण्याकडे आधी जाऊ. आयरिश भाषेतील त्या गायनपद्धतीला ‘शॅन-नोस’ म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे : जुनी रीत. एक माणूस, साथ नाही, स्वरमेळ नाही. कॉनेमारा, डोनेगल, मन्स्टर अशा प्रांतांच्या वेगवेगळ्या धाटणी आहेत. कॉनेमाऱ्याचे गाणे अलंकारांनी अधिक भरलेले असते. पण काही गोष्टी बहुतेकांत समान आहेत. गायक आवाज मोठा-लहान करून भाव दाखवीत नाही. दुःखाच्या ओळीवर आवाज थरथरवीत नाही. चेहऱ्याने अभिनय करीत नाही; कित्येकदा डोळे मिटून, भिंतीकडे पाहत गातो. जे काय करायचे ते स्वरांच्या बारीक वळणांनी आणि शब्दांच्या लांबी-आखूडपणाने. प्रत्येक कडव्यात चाल थोडी वेगळी येते, दोनदा सारखी सहसा येत नाही. ऐकणारा कधी गायकाचा हात हातात धरतो आणि गाणे चालू असताना तो हलकेच गोल फिरवीत राहतो; ओळींच्या मध्ये उत्तेजनाचे शब्द येतात. मैफिलीत बसून ‘क्या बात है’ म्हणणाऱ्यांना यात परके काही वाटू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संथ चाल तालात नाही असे सांगितले, की आपल्याकडचा रसिक लगेच तिला आलाप समजतो. ती आलाप नव्हे. आलापात स्वरवाक्ये गायक त्या क्षणी घडवतो. येथे चाल पक्की आहे, ओळी ठरलेल्या आहेत, कडवी ठरलेली आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर येथे बंदिश आहे, पण ठेका नाही. मग या बंदिशीला आधार कशाचा? तबला नाही, टाळी नाही, पायाचा ठोका नाही. तरी जाणता गायक गाऊ लागला की ओळ कोठे भरली आणि कोठे रिकामी झाली हे ऐकणाऱ्याला नेमके कळते. तो आधार कवितेच्या वृत्ताचा आहे.

आयरिश गीतांचा जो एक मोठा वर्ग ‘अउरान’ नावाने ओळखला जातो, त्याचे वृत्त आघातांचे आहे. ओळीत ठरावीक ठिकाणी जोर येतो, आणि त्या जोराच्या अक्षरांतील स्वर, म्हणजे अ, ई, ऊ यांसारखे भाषेतले स्वर, पुढच्या ओळीत त्याच क्रमाने पुन्हा येतात. आपल्या अंत्ययमकासारखे हे केवळ ओळीच्या टोकाला नसते. ओळीच्या पोटात चालते. मला हे समजले तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. गीत न गाता नुसते वाचले, तरी त्यात चालीचे खांब कोठे रोवले आहेत ते दिसते. आणखी एक बारकावा आहे. आयरिशमध्ये शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात देण्याची सर्वसाधारण रीत आहे. पण दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात दुसरे अक्षर दीर्घ असले तर आघात पुष्कळदा तिकडे सरकतो. म्हणजे तेच गीत, तीच चाल, पण कोणत्या प्रांताच्या तोंडून ते शिकलो यावर वजन बदलते. जो चेलोवादक समोर फक्त पाच रेघांवरचे स्वरलेखन ठेवून बसतो, त्याला हे कोण सांगणार? कागदावर फक्त काळे ठिपके असतात, आणि वर कोपऱ्यात ‘संथ, भावपूर्ण’ अशी सूचना. या ‘भावपूर्ण’ शब्दाने जेवढे नुकसान केले तेवढे अवघड स्वरांनीही केले नसेल.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. ‘अनाख कुअन’ ही संथ चाल आज अनेक वाद्यांवर ऐकू येते. सुरेल आहे, आवाका फार मोठा नाही, चेलोवर सहज बसते. शब्द माहीत नसलेला वादक ती हळुवार, स्वप्नाळू, थोडी गोडसर वाजवतो. आणि ऐकणाऱ्यांना आवडतेही. या गीताची हकिगत अशी आहे. 4 सप्टेंबर 1828 रोजी गॉलवेजवळच्या कॉरिब सरोवरातून अनाख कुअन गावची माणसे मेंढ्या घेऊन नावेने गॉलवेच्या बाजाराला निघाली. एका मेंढीचा पाय नावेच्या तळातून आरपार गेला. भोक बुजवण्यासाठी एकाने त्यावर आपला कोट दाबून पाय रोवला, तो फळीच निखळली, असे परंपरेने सांगतात. एकोणीस माणसे बुडाली. अकरा पुरुष आणि आठ बायका. अँथनी राफ्टरी हा अंध, भटका कवी त्या मुलखात फिरत असे. त्याने या घटनेवर गीत रचले. पुढे डग्लस हाइड यांनी राफ्टरीची गीते गोळा करून 1903 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. हेच हाइड 1938 साली आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. लोकगीतांचा संग्राहक राष्ट्राध्यक्ष होतो, ही गोष्ट ग्रंथालयाच्या सभागृहात जाता जाता सांगण्यासारखी आहे.

राफ्टरीच्या गीतात स्वप्नाळू असे काही नाही. तो मोजतो. किती पुरुष, किती बायका, हे तो पंचनाम्यासारखे सांगतो. ज्या जागी ती माणसे गेली त्या जागेला शाप देतो. सगळे गीत साक्षीदाराच्या आवाजात आहे. आता चेलोवादकाने हे शब्द म्हणून पाहिले, त्यांचा अर्थ समजून घेतला, की त्याचा गज बदलतो. जेथे तो स्वर फुगवून मग विरवीत होता, तेथे कवी आकडा सांगत आहे हे कळल्यावर स्वर फुगवण्याची लाज वाटू लागते. जेथे तो दोन ओळींच्या मध्ये दीर्घ श्वास घेऊन थांबत होता, तेथे नावे आणि माणसे एकामागून एक येत आहेत, थांबण्याला जागा नाही, हे दिसते. चालीचे स्वर तेच राहतात, फक्त त्यांचे वजन दुसरीकडे पडते.

म्हणून जुने जाणते वादक सांगत आले, की आधी गाणे शिका. शेमस एनिस हे याचे उत्तम उदाहरण. ते 1919 मध्ये जन्मले आणि 1982 मध्ये गेले. इलन पाइप्सचे थोर वादक. पण त्याआधी, 1942 ते 1947 या काळात, ते आयरिश लोकविद्या आयोगाचे संग्राहक होते. सायकल, कागद आणि लेखणी घेऊन ते पश्चिमेकडील वस्त्यांत फिरत. आयरिश भाषा त्यांना उत्तम येत होती, चाल ऐकून तत्काळ लिहून घेण्याची विद्या होती. कॉनेमाऱ्यातील कोलम ओ कीयान या एकाच माणसाकडून त्यांनी दोनशेहून अधिक गाणी टिपून घेतली. असा माणूस पाइप्सवर संथ चाल वाजवतो तेव्हा त्याच्या बोटांखाली शब्द असतात. आपल्याकडे पंडित डी. के. दातार व्हायोलिनवर नाट्यगीत वाजवीत तेव्हा श्रोते ओठांतल्या ओठांत शब्द म्हणत. गायकी अंग म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की आपल्या श्रोत्यांना शब्द पाठ होते.

आता चेलोकडे वळू. प्रथम त्याच्या बाजूने जे बोलायचे ते बोलतो. चेलोच्या चार तारा खालून सा-प, सा-प अशा पाच-पाच स्वरांच्या अंतरावर लावलेल्या असतात. पाश्चात्त्य नावांनी सी, जी, डी, ए. वरच्या दोन तारांचा पल्ला पुरुषाच्या गळ्याच्या पल्ल्याशी जुळतो. जो हीनी हा कार्ना गावचा थोर शॅन-नोस गायक ज्या उंचीवर गात असे, त्या उंचीवर चेलो कोणतीही ओढाताण न करता बोलतो. फिडल त्याच्या वरच्या सप्तकात असते. दुसरी गोष्ट, मोकळ्या तारा. आयरिश चाली बहुधा डी किंवा जी स्वर षड्ज धरून वाजतात, आणि हे दोन्ही स्वर चेलोला मोकळ्या तारांवर मिळतात. वरच्या तारेवर चाल आणि शेजारच्या मोकळ्या तारेवर अखंड सूर, असे केले की पाइप्सच्या भरणसुराची आठवण होते. बेलफास्टचे नील मार्टिन हे चेलो आणि इलन पाइप्स अशी दोन्ही वाद्ये वाजवतात, हा मला योगायोग वाटत नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आणि कॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या इल्सा डी झाया यांनी तर एकल चेलोसाठी आयरिश चालींचे पुस्तकच केले, आणि त्या चाली जेथे जन्मल्या त्या ठिकाणी चेलो घेऊन त्या गेल्या.

अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या वाद्याच्या अंगातूनच येतात. चेलोची तार फिडलच्या तारेपेक्षा दुपटीहून लांब, आणि जाड. फिडलवर पंज्याखाली चार स्वरांचा टापू सहज येतो. चेलोवर, पट्टीच्या खालच्या भागात, बोटे अर्ध्या-अर्ध्या स्वरावर पडतात आणि पंजा जेमतेम दीड स्वराचे अंतर झाकतो. आता या संगीताचे अलंकार पाहा. ‘कट’ म्हणजे मुख्य स्वराच्या आधी किंवा मध्ये वरच्या स्वराचा निसटता स्पर्श. ‘रोल’ म्हणजे मुख्य स्वर, वरचा, मुख्य, खालचा, पुन्हा मुख्य, असा छोटा वेढा. फिडलवादक हे बोटाच्या एका झटक्यात करतो. चेलोवर मुख्य स्वर करंगळीवर आला असेल तर वरच्या स्वराला बोटच उरत नाही. हात सरकवावा लागतो, आणि हात सरकला की अलंकाराचा अलंकार राहत नाही, कवायत होते. म्हणून चेलोवर चाल बसवताना षड्ज कोठे धरायचा याचा विचार गायकाच्या सोयीपेक्षा अलंकारांच्या सोयीने करावा लागतो. ज्या स्वरांवर रोल यायचे ते पहिल्या बोटाखाली यावेत, म्हणजे खाली मोकळी तार आणि वर बाकीची बोटे मोकळी राहतात. शिकणाऱ्याचे पुष्कळ दिवस या एका मांडणीत जातात, आणि ते वाया गेले असे समजू नये.

खालच्या दोन तारांची गोष्ट वेगळी. जाड तार उशिरा बोलते. तेथे झटपट कट घेतला तर तो स्वर म्हणून ऐकू येत नाही, नुसता धक्का ऐकू येतो. काही वादक खर्जाच्या मोहाने अख्खी चाल खाली नेतात. आवाज भारदस्त येतो, प्रेक्षागृह गहिवरते. पण गाणे चिखलात रुतते. माझे मत विचाराल तर चाल वरच्या दोन तारांवरच राहावी, आणि खर्ज एखाद्या कडव्याच्या शेवटी, षड्जाला आधार म्हणून, एकदाच दिसावा.

यापेक्षा अवघड आहे ते कंपन सोडणे. पाश्चात्त्य अभिजात शिक्षणात चेलोवादकाचा डावा हात जवळजवळ प्रत्येक दीर्घ स्वरावर हलत असतो. तो इतका सवयीचा होतो, की स्थिर स्वर वाजवणे म्हणजे उघडे पडणे वाटू लागते. शॅन-नोसमध्ये स्वर बहुधा सरळ उभा असतो. पाइप्सवर कंपन असते, पण ते निवडक स्वरांवर, भोकावर बोट हलवून, अलंकार म्हणून घेतात. येथल्या श्रोत्यांना दरबारीचा गंधार सांगितला म्हणजे पुरे. आंदोलन त्या स्वराचे आहे, म्हणून ते तेथे शोभते; सगळ्याच स्वरांना दिले तर राग कोठे राहिला? चेलोवादकाने आधी महिनाभर कंपनाशिवाय वाजवावे आणि मग कोणता स्वर ते मागतो आहे हे ऐकावे, हा उपदेश मला पटतो.

गजाचेही तसेच. शिकणारा ओळीच्या शब्दांप्रमाणे गज वळवू लागतो, आणि ते आरंभी ठीक आहे. पण शॅन-नोस गायक ओळ संपली तेथेच श्वास घेईल असे नाही. कधी तो ओळीचे शेवटचे अक्षर पुढच्या ओळीला जोडून घेतो आणि भलत्याच ठिकाणी, शब्दाच्या उंबरठ्यावर, श्वास तोडतो. अलंकारही नेहमी महत्त्वाच्या शब्दावर येत नाहीत; एखाद्या ‘आणि’वर, एखाद्या निरर्थक अव्ययावर स्वरांची लांब वेल चढते. मघाशी मी म्हणालो, की वृत्त वाचले तर चालीचे खांब दिसतात. ते खरे आहे. पण खांबांच्या मधली जागा कशी भरायची हे वाचून कळत नाही. त्यासाठी ऐकावे लागते, तेही एकाच गायकाचे एकच गाणे पुन्हा पुन्हा. 1987 मध्ये डब्लिनला स्थापन झालेल्या आयरिश पारंपरिक संगीत अभिलेखागारात अशी ध्वनिमुद्रणे जतन केलेली आहेत.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण त्यात आपल्या देशाचा धागा आहे. जॉन फोल्ड्स हा इंग्रज संगीतकार मूळचा चेलोवादक. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात तो चेलो वाजवीत असे. त्याची ‘केल्टिक स्वीट’ ही 1911 सालची रचना, आणि तिच्यातील ‘विलाप’ या भागात चेलोच प्रमुख आहे. ही रचना त्या काळी अतिशय लोकप्रिय झाली. तिच्यात लोकगीताचा वास आहे, पण ती कोणत्याही गीताची चाल नाही. खाली शब्द नाहीत, म्हणून चेलो हवा तेथे फुगतो आणि हवा तेथे विरतो. आयरिश संथ चाल चेलोवर वाजवणाऱ्या पुष्कळांच्या कानांत मुळात हाच विलाप असतो, असे मला वाटते. फोल्ड्सची पत्नी मॉड मॅकार्थी ही आयर्लंडमधील क्लॉनमेलची. ती व्हायोलिनवादक, आणि या शतकारंभी नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभी ॲनी बेझंट यांच्याबरोबर भारतात येऊन येथले गायन शिकलेली. 1935 मध्ये ही दोघे भारतात आली. फोल्ड्स दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, आणि तेथे त्याने हार्मोनियमवर कडाडून टीका केली. भारतीय संगीताचे बारीक स्वर आणि मींड ज्या पेटीतून निघत नाहीत ती येथे कशाला, हा त्याचा मुद्दा. 1939 मध्ये तो कलकत्त्यात पटकीने वारला. आपल्या संगीतासाठी ज्याचा कान इतका हळवा होता, त्याने आयरिश चालींसाठी काय केले असते, हा प्रश्न मनात येतोच.

आता या विषयातल्या सर्वांत कठीण जागेकडे येतो. आधी शब्द शिका, असे मी म्हणत आहे. पण शब्द राहिलेच नसतील तर?

जुलै 1792 मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळावा भरला. दहा आयरिश आणि एक वेल्श, असे अकरा वादक जमले. त्यांतले बरेच अंध आणि वृद्ध. नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन धातूच्या तारा नखांनी छेडण्याची जुनी पद्धत जाणणारा जवळजवळ शेवटचा. चाली लिहून घेण्यासाठी एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या तरुणाला नेमले होते. या कामाने तो झपाटला. 1796, 1809 आणि 1840 अशा तीन वेळा त्याने संग्रह छापले. छापताना चाली पियानोवर बसवल्या, त्यांना स्वरमेळ दिला, मात्रांच्या कुंपणांत घातल्या. 1802 मध्ये पॅट्रिक लिंच नावाच्या आयरिश भाषेच्या जाणकाराला गीतांचे शब्द गोळा करण्यासाठी कॉनाख्ट प्रांतात पाठवण्यात आले. त्याने ते काम चोख केले. परंतु बंटिंगच्या छापील संग्रहांत ते आयरिश शब्द आले नाहीत. काही चालींना इंग्रजी कवने मात्र जोडली गेली. चाली पुस्तकात गेल्या, शब्द हस्तलिखितांत राहिले. ही हस्तलिखिते पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली, आणि डोनल ओ’सलिव्हन या विद्वानाने 1927 ते 1939 या काळात शब्द आणि चाली पुन्हा एकत्र आणून प्रसिद्ध केल्या. सव्वाशे वर्षे एका गाण्याचे दोन तुकडे वेगवेगळे पडून राहिले. कपाटातील ज्या पोथ्या वर्षानुवर्षे कोणी मागत नाही त्या टाकून द्याव्यात, असा ठराव ज्या ज्या ग्रंथालयांत अधूनमधून येतो, तेथे ही हकिगत वाचून दाखवावी.

सगळ्या चालींचे नशीब एवढे बरे नव्हते. 1845 पासून बटाट्याच्या पिकावरील रोगाने आयर्लंडमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली. सर्वांत मोठा घाव बसला तो आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिमेवर. जॉर्ज पेट्री याने 1855 मध्ये आपला चालींचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने खेड्यापाड्यांवर पसरलेल्या शांततेचा उल्लेख केला आहे. माणसे गाईनाशी झाली होती. 1851 च्या जनगणनेत भाषेचा प्रश्न प्रथमच विचारला गेला; आयरिश बोलणारे सव्वापंधरा लाखांच्या आसपास निघाले. 2022 च्या गणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात आपल्याला आयरिश येते असे सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी सांगितले. पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे किती, याचे उत्तर 72 हजारांच्या आतच आहे. शाळेत शिकलेली भाषा आणि स्वयंपाकघरात बोललेली भाषा यांतले अंतर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

पेट्रीच्या त्याच संग्रहात एक चाल आहे. लिमावडी येथील जेन रॉस या बाईंनी ती पाठवली होती. चालीला नाव नाही, शब्द नाहीत. पुढे ती ‘लंडनडेरी एअर’ म्हणून जगभर गेली. 1913 मध्ये फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज वकिलाचे ‘डॅनी बॉय’ हे गीत तिच्यावर बसवून प्रसिद्ध झाले. चेलोवादकांची ही अतिशय लाडकी चाल. तिला मूळ शब्द कोणते होते, किंबहुना होते की नाही, हे कोणालाच सांगता आलेले नाही. म्हणून शिकणाऱ्याने आरंभ या चालीने करू नये, असे माझे मत आहे. ती सुंदर नाही म्हणून नव्हे. तिच्यात वादकाला अडवणारे कोणी नाही. कोणता स्वर लांबवावा, कोठे थांबावे, हे विचारायचे कोणाला? वादक स्वतःलाच विचारतो, आणि स्वतःचे उत्तर नेहमी गोड असते. आधी चार-पाच चाली शब्दांसह शिकाव्यात, त्यांच्या आघातांची सवय हाताला लागावी. मग शब्द हरवलेल्या चालीकडे गेले तर हात आपोआप जपून चालतो.

या मतावर आक्षेप येऊ शकतो, आणि तो मी टाळत नाही. परभाषेतील वादकाने किती भाषा शिकावी? ज्याला आयरिशचा एक शब्दही घरी ऐकायला मिळाला नाही, त्याने संथ चाल वाजवूच नये काय? तसे म्हटले तर आयर्लंडमधील बहुसंख्य वादकही बाद होतील. भाषा यावी असा माझा आग्रह नाही. एक गाणे यावे, एवढाच आहे. एका गाण्याची चार कडवी, त्यांचे उच्चार, त्यांचा शब्दशः अर्थ. ते तोंडाने म्हणावे, मग बेसूर का होईना गावे, मग चेलो न घेता नुसता उजवा हात हवेत फिरवून ओळींची लांबी मोजावी, आणि मग गज हातात घ्यावा. पहिले कडवे अगदी उघडे, अलंकाराविना. दुसऱ्यात एखादा कट. तिसऱ्यात मोकळ्या तारेचा सूर शेजारी ठेवावा, तोही गायनात नसतो, पाइप्सकडून उसना घेतलेला आहे, हे लक्षात ठेवून. दोन-दोन स्वरांचे गोड मेळ मात्र घालू नयेत. त्यांनी चाल लगेच उपासनामंदिरात जाऊन बसते.

शब्दांचा आग्रह जेथे लागू पडत नाही अशीही एक चाल आहे. नैर्ऋत्येकडील ब्लास्केट बेटांवरची ‘पोर्त ना बूकी’, म्हणजे भुताखेतांची चाल. रात्री समुद्रावर असलेल्या बेटकऱ्यांनी ती वाऱ्यातून ऐकली, अशी आख्यायिका. होडीच्या पातळ कापडी तळातून ऐकू आलेला देवमाशांचा आवाज असावा, असाही तर्क करतात. बेटांवरची शेवटची माणसे 1953 मध्ये सरकारने मुख्य भूमीवर हलवली. चाल मात्र वाद्यांवर फिरत राहिली. चेलोला या चालीत फार मोठा मोह पडतो, कारण तारेवर बोट घसरवले की देवमाशाचा आवाज हुबेहूब निघतो. नवशिके वादक तो काढतात आणि टाळ्या घेतात. तो काढू नये. आख्यायिका ऐकणाऱ्यांच्या मनात असते, तिचे प्रात्यक्षिक दाखवायचे नसते.

राहता राहिला शेवट. अभिजात वादकाला शेवट कसा करायचा हे पक्के शिकवलेले असते : लय उतरवीत न्यायची, स्वर बारीक करीत न्यायचा, गज तारेवर थबकवून ठेवायचा, आणि शांततेचा मान राखायचा. शॅन-नोस गायकाची एक रीत याच्या अगदी उलट आहे. शेवटच्या ओळीतले शेवटचे काही शब्द तो गातच नाही. रोजच्या बोलण्याच्या आवाजात म्हणून टाकतो आणि पेल्याकडे हात नेतो. गाणे संपले, माणूस पुन्हा बोलायला लागला. चेलोला बोलता येत नाही. म्हणून काही वादक शेवटच्या ओळीत अलंकार सगळे काढून टाकतात, गजाचा दाब कमी करतात, शेवटचा स्वर हवा त्याहून आखूड ठेवतात आणि गज सरळ उचलून घेतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, वादक मध्येच थांबला.